राजे डोंगरावर काय लिहितात

बुलढाणा जिल्ह्यात गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, घाटावरचं की घाटाखालचं? बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मोताळा, मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. जुन्या दप्तरांत हेच दोन भाग ‘बालाघाट’ आणि ‘पाईनघाट’ या फारसी नावांनी येतात. राज्यकर्त्यांची भाषा गेली, तरी त्यांनी केलेली वाटणी आपल्या बोलण्यात राहिली आहे.

घाट उतरून खाली आलं की डोंगराच्या पायथ्याशी, मोताळा तालुक्यात रोहिणखेड लागतं. इथे हिजरी ९९० साली, म्हणजे इ.स. १५८२ मध्ये, निजामशाहीतला सरदार खुदावंदखान महदवी याने एक दगडी मशीद बांधली आणि तिच्यावर लेख कोरून घेतला. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने घाटावर साखरखेर्ड्यालाही एक मशीद उभी केली होती. रोहिणखेडची मशीद संरक्षित स्मारक आहे. लांबून लोक येतात, घुमट पाहतात, कोरीव काम पाहतात, फोटो काढतात आणि जातात. लेखाकडे मात्र नक्षी म्हणूनच पाहिलं जातं. अक्षर वाचता येत नसेल तर डोळ्याला ती वेलबुट्टीच वाटणार, यात पाहणाऱ्याचा दोष नाही.

पण राजांचे आणि सरदारांचे लेख वाचायची एक युक्ती आहे. त्यांचा साचा फार थोडा बदलतो. एकदा तो लक्षात आला की भाषा न येताही कुठे देव आहे, कुठे राजा आहे आणि कुठे बापाचं नाव आहे, हे अंदाजाने सांगता येतं. हे वाढवून सांगत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणी राजांची लिपी नेमकी याच युक्तीने उलगडली. तो साचा जिथे सगळ्यात स्वच्छ दिसतो ती जागा इराणात, हमदान शहराजवळच्या अल्वंद डोंगरात आहे.

हमदान म्हणजे जुनं हगमतान, ग्रीकांचं एकबताना. हखामनी, म्हणजे त्याच जुन्या इराणी सम्राटांची ही उन्हाळ्यातली राजधानी. शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे पाच किलोमीटरवर अब्बासाबादची दरी आहे. वर साडेतीन हजार मीटरहून उंच अल्वंदचं शिखर, खाली धबधबा, आणि वाटेच्या कडेला ग्रॅनाइटच्या कातळात कोरलेल्या दोन चौकटी. डावीकडची, जरा वर असलेली, पहिल्या दारियसची (राज्यकाळ इ.स.पू. ५२२ ते ४८६). उजवीकडची, जरा खालची, त्याचा मुलगा झर्क्सिस याची (इ.स.पू. ४८६ ते ४६५). प्रत्येक चौकट साधारण तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच. आज हमदानकरांची ही सहलीची जागा आहे. सुट्टीच्या दिवशी माणसं धबधब्यावर येतात, खातात-पितात आणि जाता जाता वर पाहतात. इथे चिटपाखरूही नसेल अशा कल्पनेने जाणाऱ्याचा विरस होईल. पण राजांनी जागा निवडली तीच मुळी वर्दळीची होती. अल्वंद ओलांडून जाणारा जुना रस्ता इथूनच जात असे, आणि लेख कोरायचा तो येणाऱ्या-जाणाऱ्याने मान वर करावी म्हणून.

जवळून पाहिलं तर प्रत्येक चौकटीत तीन स्तंभ दिसतात, आणि प्रत्येक स्तंभात वीस ओळी. तीन स्तंभ म्हणजे तीन भाषा : डावीकडे प्राचीन फारसी, मग एलामी, मग बाबिलोनी. तिन्ही कीलाकार लिपीत, म्हणजे बारीक पाचरी ठोकल्यासारख्या खुणांनी लिहिलेल्या. दुरून सगळं सारखंच वाटतं. पण फारसी स्तंभात एक तिरपी पाचर पुन्हा पुन्हा येते. ती अक्षर नाही. एक शब्द संपला आणि दुसरा सुरू झाला, हे सांगणारी ती खूण आहे. शब्द तोडून लिहिण्याची ही शिस्त त्या लेखनिकांनी पाळली म्हणून पुढे वाचणाऱ्यांचं निम्मं काम सोपं झालं. चौकटींच्या कडेला छिद्रंही आहेत. ऊन-पावसापासून जपण्यासाठी लेखावर कधीकाळी झडप किंवा पडदा बसवलेला असावा, असा त्यावरून तर्क केला जातो.

आणि लिहिलंय काय? सांगितलं तर थोडी निराशाच होईल. दारियसच्या लेखाचा आशय एवढाच, की अहुरमझ्द हा महान देव. त्याने ही पृथ्वी केली, ते आकाश केलं, माणूस केला, माणसासाठी सुख केलं. त्यानेच दारियसला राजा केलं, अनेकांचा एक राजा. मग दारियस स्वतः बोलतो : मी महान राजा, राजांचा राजा, नाना तऱ्हेच्या लोकांच्या देशांचा राजा, या दूरवर पसरलेल्या पृथ्वीचा राजा, विश्तास्पाचा मुलगा, हखामनी कुळातला. संपलं. ना एखादी लढाई, ना कर माफ केल्याची वार्ता, ना धरण बांधल्याची नोंद. उजवीकडे झर्क्सिसने तेच शब्द घेतले, नावं बदलली, देवाला थोडा अधिक मान दिला, आणि त्याचाही लेख संपला. एवढ्या अवघड कातळावर बापलेकांनी मिळून कोरून घेतलं ते फक्त ‘आम्ही आहोत’. सरकारी फलकावर काम कमी आणि नावं मोठी, ही तक्रार आपण आजची समजतो.

पण मजकूर असा पोकळ होता, पुन्हापुन्हा तोच होता, म्हणूनच तो वाचता आला. इथे थोडं थांबायला हवं.

अलेक्झांडरच्या स्वारीनंतर काही शतकांत कीलाकार लिपी वापरातून गेली. ती वाचणारा माणूस कुठे उरला नाही. हमदानच्या लोकांनी डोंगरावरच्या त्या खुणांचा आपल्या परीने अर्थ लावला : एवढ्या कष्टाने कोरलंय त्या अर्थी यात पुरलेल्या खजिन्याचा ठावठिकाणा असणार. म्हणून त्या जागेचं नाव पडलं ‘गंजनामे’, खजिन्याचं पुस्तक. वऱ्हाडातल्या कुठल्याही पडक्या गढीबद्दल गावात जी गोष्ट ऐकायला मिळते, तीच ही.

उलगडा व्हायला सुरुवात झाली ती अठराव्या शतकात, आणि त्या गोष्टीत आपला मुलूख वारंवार डोकावतो. कार्स्टेन नीबुर हा डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतला. बरोबरचे सगळे सोबती एकामागून एक वारले आणि हा एकटा उरला. मुंबईत राहून त्याने घारापुरीच्या लेण्यांची काळजीपूर्वक रेखाटनं केली, आणि परतीच्या वाटेवर १७६५ मध्ये पर्सेपोलिसला थांबून तिथल्या कीलाकार लेखांच्या हुबेहूब नकला उतरवल्या. त्याच्या काही वर्षं आधी आंकतील द्युपेराँ हा फ्रेंच तरुण सुरतेला पारशी दस्तुरांकडे त्यांचा धर्मग्रंथ अवेस्ता शिकत होता. तोही वाटेत वेरूळला जाऊन आला होता. त्याने केलेलं अवेस्ताचं भाषांतर १७७१ मध्ये छापलं गेलं आणि जुन्या इराणी भाषेचा एक धागा युरोपच्या हाती लागला.

मग १८०२ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगनचा शाळामास्तर ग्रोटेफेंड याने नीबुरच्या नकला समोर ठेवून साच्याचा विचार केला. नंतरच्या काळातले सासानी राजांचे लेख तोवर वाचले गेले होते, आणि त्यांत ‘अमुक, महान राजा, राजांचा राजा, तमुक राजाचा मुलगा’ अशी ठरलेली ओळ येत असे. जुन्या राजांनीही तसंच लिहिलं असेल तर? दोन लेख त्याने शेजारी ठेवले. एकात ‘ख’ हा राजा ‘क’ राजाचा मुलगा होता. दुसऱ्यात ‘क’ हा ‘ग’चा मुलगा होता, पण ‘ग’च्या पुढे ‘राजा’ हा शब्दच नव्हता. म्हणजे आजोबा राजा नव्हता. ग्रीक इतिहासकारांनी दिलेल्या वंशावळीत अशी त्रयी शोधली तर एकच जुळते : झर्क्सिस, त्याचा बाप दारियस, आणि दारियसचा बाप विश्तास्पा, जो गादीवर कधी बसलाच नाही. एका गाळलेल्या शब्दावरून तीन नावं मिळाली आणि तीन नावांवरून अक्षरं.

अल्वंदच्या कातळावर हेच कोडं सुटसुटीत मांडून ठेवलं आहे. तिथे हेन्री रॉलिन्सन १८३५ मध्ये पोहोचला. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातला अधिकारी, १८२७ मध्ये सतराव्या वर्षी मुंबईत उतरलेला. फारसी तो इथेच शिकला. रॉलिन्सन पट्टीचा घोडेस्वार होता. १८३२ मध्ये पुण्याहून पनवेलपर्यंतचं बहात्तर मैलांचं अंतर त्याने पैजेवर तीन तास सात मिनिटांत कापलं, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. बोरघाट उतरून! इराणच्या शहाच्या फौजेला कवायत शिकवायला त्याला पाठवलं होतं, आणि जाता-येता त्याने गंजनामेच्या दोन्ही चौकटी उतरवून घेतल्या. त्या ओळीला ओळ लावून पाहिल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं की दोन्ही मजकूर जवळजवळ एकच आहेत, फक्त ठराविक जागी शब्द बदलतात. डावीकडे जिथे राजाचं नाव असावं तिथला शब्द उजवीकडे बापाच्या जागी येतो. ग्रोटेफेंडच्या कामाचा तपशील त्याच्याजवळ नव्हता, तरी तो त्याच तीन नावांपाशी येऊन ठेपला.

त्यानंतर तो बिसुतूनकडे वळला. हमदानहून केरमानशाहच्या वाटेवर, केरमानशाहच्या अलीकडे साधारण तीस किलोमीटरवर हा सुळका आहे. तिथे दारियसने जमिनीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आपली सगळी हकीकत कोरून घेतली : गादी कशी मिळवली, कोण कोण उलटलं, कोणाला कसं पकडलं. शिल्पात त्याच्या पायाखाली गौमाता नावाचा तोतया राजा आडवा पडला आहे आणि समोर गळ्यात दोर बांधलेले नऊ बंडखोर ओळीने उभे आहेत. इथला मजकूर गंजनामेसारखा पोकळ नाही. देशांची आणि माणसांची नावं खच्चून भरलेली आहेत. रॉलिन्सनने शिडीवर उभं राहून आणि दोरांना लोंबकळून तो उतरवला. बाबिलोनी भाग त्यालाही गाठता आला नाही, तेव्हा एक कुर्दी मुलगा कातळातल्या फटींमध्ये मेखा ठोकत वर गेला आणि ओल्या कागदावर ठसे घेऊन आला. या मुलाचं नाव कुठे लिहिलेलं सापडत नाही. १८४६-४७ मध्ये फारसी मजकूर छापला गेला, त्यावरून पुढे बाबिलोनी लागली आणि मेसोपोटेमियाचा सगळा इतिहास बोलता झाला. बिसुतूनला २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. इराणला जाणाऱ्याने दोन्ही ठिकाणं एकाच फेरीत पाहावीत, पण आधी गंजनामे आणि मग बिसुतून. उलट्या क्रमाने गेलं तर गंजनामे फिकं वाटतं.

आता हा साचा घेऊन घरी यायचं.

हखामनींनंतर इराणी राजरीत पूर्वेकडे बरीच सरकली. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या कुटुंबाचे लेख आहेत. हा ‘क्षत्रप’, आणि ही पदवी म्हणजे दारियसच्या सुभेदारांचीच. मुंबईजवळ कान्हेरीच्या एका लेण्यात तर थेट पहलवीत, म्हणजे मध्ययुगीन फारसीत, लेख कोरलेले आहेत. ते राजांचे नाहीत. लेणी पाहायला आलेल्या पारशी मंडळींनी १००९ आणि १०२१ मध्ये आपापली नावं आणि यज्दगर्दी तिथी लिहून ठेवल्या. किल्ल्याच्या भिंतीवर नाव लिहिण्याची खोड जुनीच. मात्र हजार वर्षं झाली की खोडीचा पुरावा होतो.

बुलढाण्याच्या वाचकाला यापेक्षा जवळचं ठिकाण म्हणजे नरनाळा. शेगावहून तेल्हारा, अकोट करत सातपुड्याच्या कडेला शहानूर गाव गाठायचं आणि वन विभागाच्या नाक्यावरून गड चढायचा. वाटेतले दरवाजे ओलांडत गेलं की महाकाली दरवाजा येतो. पांढुरक्या दगडाचा, दोन्ही बाजूंना जाळीदार सज्जे, कमळांची नक्षी आणि वर दाट गुंफलेल्या अक्षरांचा पट्टा. जंगलात इतकं नाजूक काम पाहून माणूस चपापतो. हा दरवाजा १४८७ सालचा आणि लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचं नाव आहे. सुभेदार होता फत्तेउल्ला इमादुल्मुल्क. काही वर्षांतच हाच फत्तेउल्ला स्वतंत्र झाला आणि वऱ्हाडची इमादशाही सुरू झाली. दरवाजावर मात्र धन्याचंच नाव राहिलं.

या ‘बहमनी’ नावात एक गंमत आहे. दिल्लीच्या ब्राह्मणाकडे नोकर असलेल्या हसन गंगूची गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे. इतिहासकार तिला फारसं मानत नाहीत. घराण्याचा स्वतःचा दावा वेगळा होता : आम्ही इराणचा पुराणप्रसिद्ध राजा बहमन, म्हणजे इस्फंदियारचा मुलगा, त्याच्या वंशातले. आता हा बहमन कोण? मध्ययुगीन इराणी परंपरेत त्याचं दुसरं नाव अर्दशीर आणि बिरुद ‘लांब हातांचा’. ग्रीकांनी नेमकं हेच बिरुद ज्याला लावलं तो पहिला अर्तझर्क्सिस, अल्वंदवर उजवीकडची चौकट कोरवून घेणाऱ्या झर्क्सिसचा मुलगा. दावा खरा धरला तर नरनाळ्याच्या दरवाजावरचा राजा हा गंजनामेच्या राजांचा वंशज ठरतो. खरा नाहीच, तो प्रश्न नाही. गंमत अशी, की १४८७ मध्ये ते पूर्वजांचे लेख वाचू शकणारा एकही माणूस पृथ्वीवर नव्हता. ज्यांच्या नावावर गादी मिरवायची, त्यांचं डोंगरावरचं पत्र हमदानमध्ये खजिन्याची चिठ्ठी समजलं जात होतं.

साच्याची खरी परीक्षा घ्यायची तर बऱ्हाणपूरला जावं. मलकापूरहून मुक्ताईनगरमार्गे हे काही लांब नाही. बाजारात आजही मराठी चालते. तिथल्या जामा मशिदीत फारूकी सुलतान आदिलशहा, ज्याला लोक राजा अलीखान म्हणत, त्याचा लेख दोन भाषांत आहे : अरबी आणि संस्कृत. मशिदीच्या भिंतीवर देवनागरी अक्षरं पाहून गाइड हमखास लोकांना तिथे थांबवतात. पण थांबायचं ते ऐक्याच्या चार गोड शब्दांसाठी नव्हे, क्रम पाहण्यासाठी. संस्कृत लेखात पहिलं वंदन सृष्टिकर्त्याला. मग तो अव्यक्त, सर्वव्यापी असल्याचं वर्णन. मग फारूकी राजांची वंशावळ, बापामागून बाप. मग हा राजा आणि त्याने काय बांधलं ते. शेवटी संवत १६४६, शके १५११, तिथीवारासह. म्हणजे इ.स. १५९० चा आरंभ. सृष्टी करणारा, राजा, राजाचा बाप, कूळ : अल्वंदवर हाच क्रम होता. आणि तिथे तीन भाषा होत्या तशा इथे दोन, कारण प्रजा एका भाषेची नव्हती आणि ते राजाला दाखवायचं होतं. राजा अलीखानाने दारियसची नक्कल केली असं मी म्हणत नाही. त्याला दारियस ठाऊकच नव्हता. सत्तेला स्वतःची ओळख करून द्यायची असली की वाक्यं आपोआप याच रांगेत उभी राहतात.

याच मशिदीत दहा-अकरा वर्षांनी दुसरा लेख आला. १६०१ च्या जानेवारीत राजा अलीखानाच्या मुलाकडून अकबराने असीरगड घेतला, आणि अकबराची ही स्वारी मशिदीतच नोंदवली गेली. कोरणारा मीर मासूम भक्करी, सिंधचा. कवी, इतिहासकार, हकीम आणि हाडाचा लेख-कोर्‍या. कवितेत तो ‘नामी’ नाव लावी. बादशहाच्या स्वाऱ्यांबरोबर हिंडताना तो मशिदींवर, किल्ल्यांवर, कातळांवर स्वतःच्या कविता आणि बादशहाच्या विजयाच्या तारखा कोरत जाई. मांडूला त्याचे लेख आहेत, आग्र्याला आहेत. पुढे अकबराने त्याला इराणच्या शहाकडे वकील म्हणून पाठवलं, तर तिकडच्या मुक्कामांवरही त्याने दगड सोडले नाहीत, असं जुन्या चरित्रकोशात नोंदलं आहे. इराणातली जुनी रीत एक सिंधी माणूस सातपुड्यातून परत इराणला घेऊन गेला.

बऱ्हाणपूरहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर असीरगड. ‘दख्खनचा दरवाजा’ म्हणतात तो हा. वर जाणाऱ्या वाटेवर, दरवाजांजवळ, खुद्द कातळात फारसी लेख कोरलेले आहेत : अकबराचा, शाहजहानच्या काळचा, औरंगजेबाच्या काळचा. डोंगर, वाट, कातळ आणि राजाची फारसी, हे सगळं एका जागी पाहायचं तर बुलढाण्याहून याहून सोपी जागा नाही. इथे उभं राहिलं की गंजनामे कळायला इराणचा व्हिसा लागत नाही.

रोहिणखेडलाही याच माणसांचा संबंध येतो. मशीद बांधणारा खुदावंदखान महदवी होता, म्हणजे जौनपूरच्या सय्यद मुहंमदला महदी मानणाऱ्या पंथाचा. पुढे अहमदनगरला जमालखान या महदवी सरदाराने सगळी सत्ता हातात घेतली. ती मोडायला दुसरा बुऱ्हाण निजामशहा निघाला, आणि त्याच्या मदतीला आला बऱ्हाणपूरचा तोच राजा अलीखान. १५९१ मध्ये लढाई झाली ती रोहिणखेडला. जमालखान तिथेच पडला आणि अहमदनगरमधली महदवींची सत्ता संपली. ज्या गावात महदवीने नऊ वर्षांपूर्वी मशीद बांधली, त्याच गावात. लेखात अर्थातच याचा मागमूस नाही. दगड उद्याची बातमी देत नाही.

आणि सत्तेने लिहिलेलं लोक मानतातच असं नाही. साखरखेर्ड्याचं उदाहरण याबाबत बोलकं आहे. १७२४ मध्ये तिथे निजामुल्मुल्काने मोगल सुभेदार मुबारिझखानाला ठार करून दख्खन आपल्या ताब्यात घेतलं. पहिला बाजीराव त्या वेळी निजामाच्या बाजूने होता. विजयाची आठवण म्हणून निजामाने गावाचं नाव फत्तेखेडा ठेवलं, आणि इंग्रजी गॅझेटियरांत ते तसंच छापलं गेलं. लोकांनी नवं नाव पोसलं नाही. आज तुम्ही प्रल्हाद महाराजांच्या साखरखेर्ड्याला जाता, फत्तेखेड्याला कोणी जात नाही.

आता जाणाऱ्यासाठी कामाचं. इराणी कीलाकार लेख किंवा आपली ब्राह्मी, देवनागरी, ही खोदून लिहिलेली असते. अरबी-फारसी लेखांत बहुधा उलट असतं : अक्षर तसंच ठेवून भोवतीचा दगड काढून टाकतात, त्यामुळे अक्षर उठून येतं. समोरून उजेड पडला तर ते सपाट दिसतं. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड असताना जावं, नाहीतर हातातली बॅटरी एका बाजूने धरावी; ओळी सुट्या होतात. उजवीकडून डावीकडे पाहावं. सुरुवातीला बहुतेक वेळा अल्लाहचं नाव असतं, म्हणजे साच्यातलं पहिलं घर भरलं. साल शेवटाकडे असतं. ते कधी आकड्यांत, पुष्कळदा अरबी शब्दांत असतं, आणि ज्यांनी मोडी कागद हाताळलेत त्यांना ‘तिसा’, ‘समान’, ‘मया’ हे शब्द ओळखीचे निघतील, कारण पेशवाईची कालगणना याच शब्दांत होती. कधी साल अबजद पद्धतीने लपवलेलं असतं. प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत असते, शेवटच्या ओळीतल्या अक्षरांची बेरीज केली की वर्ष निघतं. ट्रक आणि दुकानांवर ७८६ पाहतो तो आकडाही अशीच बेरीज आहे, बिस्मिल्लाच्या अक्षरांची. मीर मासूम यात वाकबगार होता. हिजरी सालातून शेकडा तीन वजा करून ६२२ मिळवले की इसवी सन हाती येतं : ९९० मधून तीस गेले, ९६० राहिले, त्यात ६२२, म्हणजे १५८२.

अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून खडू फासू नये, तेल लावू नये, पाणी मारू नये. मशीद असेल तर विचारून आत जावं.

आणि एक मागणी. गंजनामेच्या पायथ्याशी लेखाचं भाषांतर लावलेलं आहे. धबधब्यावर आलेला पोरगाही दोन मिनिटांत वाचून जातो की हा दारियस आणि तो झर्क्सिस. आपल्या संरक्षित स्मारकांपाशी निळा फलक असतो, त्यावर कायद्याचं कलम आणि दंडाची रक्कम असते. रोहिणखेड, साखरखेर्डा आणि नरनाळा, तिन्ही ठिकाणचे लेख अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वीच वाचून छापले आहेत, नव्याने शोध लावायचा नाही. पुरातत्त्व खात्याने त्या निळ्या फलकाशेजारी लेखाचा मराठी अर्थ लावावा. खात्याला जमत नसेल तर ग्रामपंचायतीने परवानगी मागावी; उर्दू-फारसी जाणणारी माणसं खामगाव, मलकापूर, बुलढाण्यात हाकेच्या अंतरावर आहेत.